जर्मन सुरांवरची खूण

आमच्या पेटीत जर्मन सूर होते, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, आणि त्या चोरीला जाणार याची मला खात्री होती. भाता फाटला म्हणून बाबांनी पेटी धुळ्याच्या पेटीवाल्या चाचांकडे दुरुस्तीला द्यायला लावली. चाचांचे वडील भुसावळच्या रेल्वेसाहेबांचे पियानो दुरुस्त करता करता पेट्या बनवायला शिकले होते, त्यामुळे नाव मोठं. पण असे नाववालेच जर्मन सूर काढून साधे बसवतात, हे आमच्या पिंप्राळ्यात कोणीही सांगेल. निघण्याआधी मी तीन पट्ट्यांच्या टोकांना पिनेनं खूण केली.

पंधरा दिवसांनी दुकानातच पेटी उघडली. तिन्ही खुणा गायब!

"भाता दिला होता चाचा, सुरांना हात कशाला लावला?" मी आवाज चढवला.

चाचांनी शांतपणे चष्मा पुसला. "सूर तेच आहेत, भाऊ. कोणीतरी टोकाला ओरखडलं होतं. तिथलं पितळ कमी झालं की सूर चढतो. मी ओरखडे काढले, मुळाशी कानस मारून सूर उतरवले. तुमच्या घरात कोणाचा तरी हात वाईट आहे. त्याला पेटीजवळ येऊ देऊ नका."

पिन अजून माझ्या खिशालाच टोचलेली होती.

"नाही येऊ देणार," मी म्हणालो.