तनू वर्गात बोलत न्हाई

आमच्या मस्तगडच्या शाळेसमोर एक कट्टा आहे. लेकरं आत गेली की आम्ही आया तिथं पाच मिनिटं टेकतो आणि तासाभरानं उठतो. इतके किस्से साठलेत की सांगायला बसले तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

माझे सगळे किस्से माझ्या लेकीचे, तनूचे. पहिलीत आहे. घरी तोंड मिटत नाही, पण शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत वर्गात कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. मी सातवी शिकलेली. मला वाटायचं, हिचं कसं व्हायचं, आणि चूक माझीच.

*

रोज साडेनऊला तिचं पोट दुखायचं. ओवा दिला, हिंग लावला, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. ठसका मलाच लागला.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "रविवारी दुखतं का?"

मी बोटांवर रविवार मोजले. एकाही रविवारी नाही.

"खोटं न्हाई दुखत तिचं," ते म्हणाले. "भीतीनं दुखतंय. रागावू नका, वर्गाच्या बाईंना भेटा."

एवढ्याशा पोटात एवढी भीती मावते, हे मला माहीतच नव्हतं.

*

कट्ट्यावरच्या शबानाभाभीचा अयान तनूच्याच वर्गात. शर्टाची कॉलर चावून पार चिंध्या करायचा. भाभीला वाटलं, भूक लागत असेल. दोन डबे द्यायला लागली.

अयान म्हणाला, "अम्मी, डब्बा भी खाऊं और कॉलर भी? इत्ता पेट नहीं मेरा."

खरं काय ते बाईंनी धरलं. पाढ्यांची पाळी जवळ आली की पोरगं चावतं. मग त्या त्याच्याकडून पाढे आपल्या कानात म्हणवून घ्यायला लागल्या. महिन्याभरात कॉलर शाबूत. चाळीस लेकरांत या बाईला एक कॉलर दिसते!

*

आता माझी फजिती. आमच्यात लेकराला सोडून जायचं तर "तो बघ कावळा" म्हणायचं आणि ते वर बघतंय तोवर सटकायचं. मलाही माझ्या आईनं असंच सोडलेलं. मी तीन दिवस केलं.

चौथ्या दिवशी झाडावर खरंच कावळा बसला, तर तनूनं दोन्ही मुठींनी माझा पदर धरला.

बाई म्हणाल्या, "सांगून जात जा. रडली तर रडू द्या. आणि घाबरू नको म्हणू नका. भीती वाटती का, इचारा. मंग घाई न करता थांबा."

मी थांबायला लागले. एकदा वीस मिनिटं लागली. पोट धरून का होईना, स्वतःच्या पायानं आत गेली.

*

दिवाळीनंतर पालकसभा झाली. लेकरं सतरंजीवर, आम्ही भिंतीला. बाई म्हणाल्या, प्रत्येक आईनं उठून आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं. माझ्या आधीची बी.ए. निघाली.

मी उठले. नावसुद्धा निघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "बोला की जल्दी."

तनू सतरंजीवरून उठली. सगळ्यांच्या मधून चालत आली आणि माझं बोट धरून उभी राहिली.

"बाई, आईला भीती वाटून राह्यली," ती म्हणाली. अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं. "थांबा जरा. ती सांगती."

आणि चाळीस लेकरं थांबली.