सरांची चाल आणि माझा घोटा

पडलो मी एकदाच. पण सांगताना चारदा पडलो, तिथंच सगळा घोळ झाला.

मी मूळचा बार्शीचा. तिथल्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा वाजवणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या आणि त्या हिशोबानं छड्याही खाल्ल्या. आता जयपूरला गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंगमध्ये नोकरी करतो. काम काय, तर स्कूटर काढायची, वैशाली नगरपासून सगळीकडच्या शाळा गाठायच्या, प्रार्थना संपली की स्टेजवर चढून फिजिक्सच्या मास्तरची, घाबरलेल्या पोराची आणि त्याच्याहून घाबरलेल्या बापाची नक्कल करायची. पोरं हसून ढिली पडली की फॉर्म वाटायचे. माकडचाळ्यांचा पगार देणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

तिलक नगरला एक काका राहतात. सांगलीकडचे, विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर इकडं आलेले. संक्रांतीला इथली मराठी घरं एकत्र जमतात, तिथं ओळख झाली. मी तिथंही सगळ्यांच्या नकला केल्या. सगळे हसले. काका हसले नाहीत. तिळगूळ चघळत म्हणाले, "तुझा विमा आहे का?"

"काका, मी तर अजून पंचविशीत. मरायला वेळ आहे."

"मरायचं कोण बोलतंय, माकडा? स्कूटरवरून पडलास, पाय मोडला, दोन महिने कामावर गेला नाहीस. पगार कोण देणार? तुझे सर?"

सर म्हणजे कोचिंगचे मालक. त्यांचं धोरण सोपं होतं: काम नाही तर पगार नाही.

"हॉस्पिटलचं बिल वेगळं," काका म्हणाले, "त्याचा विमा वेगळा. हा विमा बुडालेल्या पगारासाठी. अपघातानं तुला काही दिवस कामच करता येईना, असं डॉक्टरनं लिहिलं, की दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. डॉक्टर फिट म्हणाला की बंद. कायमचं लुळं व्हायची गरज नाही."

मी त्यांचाच आवाज काढून म्हटलं, "गरज नाही, पण झालास तर फॉर्म भर." तेव्हा मात्र हसले. आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून खरोखर फॉर्म भरून घेतला. स्वतःच्या कंपनीचासुद्धा नाही, दुसऱ्याच. म्हणाले, "माझ्याकडं काढलास तर पुढं वशिला मागशील."

आता पडण्याचं सांगतो. खरं कसं पडलो ते.

दुपारची सुट्टी होती. सर बाहेर गेले होते. पोरं जिन्यावर बसून कचोऱ्या खात होती आणि म्हणाली, भैया, सर की चाल! आमच्या सरांची चाल ही बघण्याची गोष्ट आहे. आधी पोट निघतं, मग सर निघतात. हात मागे, किल्ल्यांचा जुडगा बोटात गरगरतो, आणि दर तिसऱ्या पायरीला थांबून हवेत बघत "अनुशासन!" असं म्हणतात. का म्हणतात, कोणाला म्हणतात, कुणाला माहीत नाही. मी वरून निघालो. एक, दोन, तीन, अनुशासन. एक, दोन, तीन, अनुशासन. पोरं लोळायला लागली. मी पोट आणखी पुढं काढलं, आणि खाली फाटकातून खरं पोट आत आलं.

मी दचकलो. पुढची पायरी हुकली. थेट खाली, घोटा कट्कन.

सरांनी नक्कल पाहिली नव्हती. त्यांनी फक्त पडलेला मी पाहिला. "हिल मत, हिल मत," म्हणत त्यांनी स्वतः मला उचललं आणि आपल्या गाडीत मागच्या सीटवर झोपवलं. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. रस्त्यात विचारलं, "गिरा कैसे?" आता ह्या माणसाला काय सांगणार? म्हणालो, "सर, पॅम्प्लेटचा गठ्ठा उचलून आणत होतो. समोरचं दिसलं नाही." सरांनी आरशातून मागं बघितलं. मग म्हणाले, "संस्था के लिए गिरा है तू." मला इतकं वाईट वाटलं की घोट्याचं दुखणं जरा कमी झालं.

सर गाडी लावायला गेले आणि मी हॉस्पिटलात एकटा. तरुण डॉक्टर, दोन नर्स. डॉक्टर जांभई देत विचारतो, कसे पडलात? जिन्यावरून पडलो हे सांगायला काही चव नाही हो. मी म्हटलं, बायपासवर सांड आडवा आला, स्कूटर घसरली. सांडाचा आवाजही काढून दाखवला. दोन्ही नर्स हसल्या. डॉक्टरची जांभई पळाली आणि त्यानं ते कागदावर लिहून टाकलं. मला काय माहीत की तो लिहितोय! मग घोट्याला प्लास्टर घालून दोन महिन्यांचा आराम लिहून दिला.

आईला फोनवर सांगितलं, देवळाच्या पायरीवर घसरलो. तिला बरं वाटावं म्हणून. आणि विम्याच्या फॉर्मवर, तिथं जागा थोडी होती, "जिन्यावरून पाय घसरला" एवढंच लिहिलं. सरांनी सुट्टीच्या दाखल्यावर मात्र आपल्या मनानं लिहून दिलं, 'संस्थेचं साहित्य वाहून नेताना अपघात, बिनपगारी रजा.'

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचा चौकशीचा माणूस खोलीवर आला. किडकिडीत, बगलेत फाइल. मी पलंगावर, पाय उशीवर. त्यानं तीन कागद माझ्या प्लास्टरशेजारी मांडले, चष्मा पुसला आणि फार प्रेमानं विचारलं, "भाईसाब, आप एक ही बार गिरे थे ना?"

मी पायाखालची उशी उगाच नीट करायला लागलो.

"इसमें सांड है," तो म्हणाला. "इसमें पॅम्प्लेट हैं. और आपके वाले में न सांड है, न पॅम्प्लेट."

जाताना म्हणाला, आठवड्याभरात लेखी खुलासा द्या, नाहीतर क्लेम नामंजूर.

नामंजूर म्हणजे काय, ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. दोन महिने पगार नाही म्हणजे खोली सोडायची, बार्शीची गाडी पकडायची आणि बाबांच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं. बाबा तर वाटच बघत होते. म्हणाले होते, "ये की, बसून करायचं काम आहे." एकदा त्या गिरणीवर बसलो की उठणं नाही, हे मी माझ्या चुलतभावाकडं बघून सांगू शकतो. गिरणीच्या आवाजात नक्कल कुणाला ऐकू जाणार?

मी काकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे मी सांडाचा आवाज काढला तर म्हणाले, "गप. त्यानंच वाट लावली तुझी."

"काका, तुम्ही एक फोन केलात तर?"

"करतो की. सांगतो त्यांना, नामंजूर करा म्हणून."

"काका!"

"लेका, ऐक. नक्कल करताना पडलास म्हणून क्लेम जात नाही. माणसानं गंभीर चेहऱ्यानंच पडावं असं पॉलिसीत कुठं लिहिलंय? दारू प्यायला नव्हतास, मुद्दाम पडला नाहीस. अपघात तो अपघात. क्लेम जातो तो थापांनी. आता जे झालं ते जसंच्या तसं लिही, आणि सरांचा दाखला दुरुस्त करून आण."

"सरांचा? म्हणजे त्यांना सांगू की मी त्यांची..."

"पोटासकट," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हिंदीत खुलासा लिहिला. चार वेळा फाडला. पाचव्या दिवशी कुबड्या घेऊन, रिक्षानं कोचिंगला गेलो. सरांनी मला बघून खुर्ची पुढं ओढली, पाण्याचा ग्लास दिला. अशा माणसासमोर मी तो कागद ठेवला.

सर वाचायला लागले. ओठ हलत होते. "पेट आगे निकालकर" इथं ओठ थांबले. मग त्यांनी ऑफिसातल्या मॅडमना हाक मारली.

"मैडम, मैं सीढ़ी पर अनुशासन बोलता हूँ?"

मॅडमनी पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

"बोलता हूँ?"

"सर... कभी-कभी. हर तीसरी पर."

सर माझ्याकडं वळले. "और मैं तुझे उठाकर अस्पताल ले गया."

"हो सर," मी मराठीतच म्हणालो. "सर, दाखला बदलून नाही दिलात तरी चालेल. मी घरी जाईन."

मी खरंच उठायला लागलो. कुबडी टेबलाला अडकली. सरांनी पेन काढलं. खुलाशातल्या 'पेट' ह्या शब्दाखाली रेघ मारली, खोडला मात्र नाही. मग नवीन दाखला लिहून दिला, त्यात पॅम्प्लेट नव्हती. वर म्हणाले, "उस बीमेवाले को बोल, मेरे पास आए. मैं खुद बताऊँगा."

दोन दिवसांनी तो किडकिडीत माणूस कोचिंगला आला. सरांनी मलाही बोलावून घेतलं होतं. त्यानं पहिल्यांदा मला विचारलं, नक्की कसं पडलात? मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "इसको छोड़िए. इसकी बात पर आप भरोसा करेंगे?"

आणि सर उठले. जिना चढून वर गेले. किल्ल्या बोटात घेतल्या, हात मागं बांधले, पोट बाहेर काढलं आणि उतरायला लागले. एक, दोन, तीन. "अनुशासन!" पण ते सर नव्हते. मान माझी होती, ते उगाच पोरांकडं बघून डोळा मारणं माझं होतं, पोट ओढूनताणून आणलेलं होतं. सर मी झाले होते, आणि तो मी सर होत होतो. चौथ्या पायरीला ते थबकले, खाली बोट दाखवलं आणि म्हणाले, "यहाँ से मैं आया, और ये गया."

चौकशीवाला आधी हसला, मग खोकला, मग मान खाली घालून लिहायला लागला. वर्गातून बाहेर आलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी एवढ्या कधी वाजल्या नव्हत्या, हे मी जरा जळतच सांगतो.

क्लेम मंजूर झाला. डॉक्टरनं लिहिले तेवढ्या आठवड्यांचे पैसे आले, एका दिवसाचेही जास्त नाहीत. पूर्ण पगाराएवढे नव्हते, पण खोलीचं भाडं आणि मेसचा डबा सुटला. बाबांनी गिरणीवर माणूस ठेवला. प्लास्टर निघालं, डॉक्टरनं फिट लिहिलं, विमा थांबला आणि मी परत कामावर आलो.

आता एक गोष्ट बदललीय. सर माझ्या आधी जिना उतरत नाहीत. वरच उभे राहतात, मला "चल, तू आगे चल" म्हणतात आणि मी खाली पोचेपर्यंत बारकाईनं बघत असतात. मी काल अर्ध्यात वळून पाहिलं, तर त्यांनी पटकन डावा खांदा सरळ केला. माझा डावा खांदा चालताना जरा पडतो.