टेबलावर अंथरलेली आमची झूल

मित्रांनो, एक गोष्ट सांगतो.

आज संध्याकाळी मालेगाव रोडवरच्या लॉनात गेलतो. थर्टी फर्स्टसाठी तिथं तात्पुरता बार उघडला हाय अन् गावाकडचं वाटावं म्हणून सजावट केली पोळ्याची. तोरणं, घुंगरमाळा अन् पाय ठेवाले जागा नाही एवढी गर्दी.

ग्लास ठेवाले गेलो तं टेबलावर आमच्या सर्जा बैलाची झूल. काठाले मायच्या लग्नातल्या शालूचा तुकडा, तिनंच शिवलेला. त्याच्यावर बियर सांडलेली.

वाटलं, घरी चोरी झाली. तिथूनच मायले फोन लावला.

"म्याच देल्ली लॉनवाल्याले," माय म्हणे. "सर्जा तं गेला. पोळ्याले आता घरी कोण येते? तिथं तरी चार लोकं पाहतीन तिले."

ग्लास हातातच राह्यला. तुमच्या घरची झूल कुठी हाय?