आप्पांना बांधलं होतं तेव्हा

आमचे आप्पा पडायचे तेव्हा हात टेकायचे नाहीत. सरळ तोंडावर जायचे. पहिल्यांदा ते देवळाली प्रवऱ्याला, थोरल्या भावाच्या दारातल्या हौदावर पडले. कपाळ फुटलं, हौदाचा कठडा रक्तानं माखला. पुढं न्हाणीत पडले तेव्हा दात खालच्या ओठातून आरपार गेले. डॉक्टर म्हणाले, हे पडणं आता वाढतच जाणार, माणूस सतत जवळ हवा. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि बाहेर आल्यावर नवा कोरा वॉकर दवाखान्याच्या पायरीवर आपटून आपटून वाकवून टाकला.

त्यांचं सगळं आयुष्य भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये घण मारण्यात गेलं होतं. पाय गेले तरी दंड तसेच राहिले. हात उगारायची सवयही राहिली. लहानपणी आम्हा तिन्ही भावंडांना त्यांनी कमरेच्या पट्ट्यानं मारलं आहे. आईला तर आमच्यादेखत. आई गेल्यावर ते थोरल्याकडे, म्हणजे दादाकडे राहायला गेले. दादाचा ऊस आणि गाई, त्यामुळं तो दिवसभर शेतात. घरात आप्पा आणि वहिनी. धाकटा पाथर्डीला एसटीचा ड्रायव्हर, दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी भिंगारलाच शाळेत शिकवते. आप्पांचं करणं वाटून घ्यायचं असं आम्ही फोनवर कितीदा तरी ठरवलं. धाकट्याचा जिना आणि माझी शाळा आडवी यायची, आणि सगळं पुन्हा वहिनीवर पडायचं.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी आप्पांना थोडे दिवस माझ्याकडे आणायचं ठरवलं. धाकट्याची साप्ताहिक सुट्टी होती. त्याच्या मोटरसायकलवरून आम्ही न कळवता दुपारी देवळालीत पोचलो; आप्पांना न्यायला तिथूनच गाडी ठरवणार होतो. दार उघडंच होतं. आप्पा खाटेवर उताणे पडले होते आणि त्यांच्या कमरेभोवती वहिनीची जुनी साडी दोन वेढे देऊन खाटेच्या दांडीला आवळली होती.

धाकटा तसाच मागच्या दारानं बाहेर पडला. मागं गोठ्यात दादा गाईला पेंड घालत होता. धाकट्यानं त्याला मानेला धरून अंगणात ओढत आणलं आणि तोंडावर बुक्की मारली.

"बापाला जनावरासारखं बांधतो व्हय?"

दादानं तोंड पुसलं, हाताला लागलेलं रक्त पाहिलं आणि धाकट्याला उचलून हौदाच्या कठड्यावर आपटलं. मग दोघंही मातीत. दादा त्याच्या छातीवर बसून मारत होता आणि म्हणत होता, "दिवाळीला येतो, मिठाई देतो अन् जातो. तू मला शिकवनार?" मी दादाचा शर्ट मागून ओढत होते. त्याचं कोपर माझ्या गालावर बसलं आणि मला काही क्षण दिसेनासं झालं. पडवीत ऊसतोडीचा कोयता पडलेला होता. धाकट्याची नजर तिकडं गेली ती दादानंही पाहिली. वहिनी धावत आली, कोयता उचलून तिनं गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला.

तेवढ्यात घरातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला.

आप्पा उठले होते. साडी सुटली नाही, म्हणून खाटेसकट उठले होते. दोन पावलं ओढत आले असतील. उंबऱ्याशी ते तोंडावर पडले आणि खाट त्यांच्या पाठीवर. आम्ही खाट उचलली तेव्हा त्यांचा उजवा खांदा भलतीकडेच वळलेला होता. धाकटा रडत साडीची गाठ सोडायला लागला. आप्पांनी डाव्या हातानं त्याच्या कानशिलात लगावली.

"सोडू नको. मीच सांगितलं हुतं बांधायला."

आम्हाला कळेना. वहिनीनं डोक्यावरचा पदर बाजूला केला. तिच्या कानामागं मोठा पिवळाजांभळा डाग होता. आप्पा दुपारच्या झोपेतून दचकून उठायचे, आपल्याला कुणीतरी धरतंय असं त्यांना वाटायचं आणि हाताला येईल ते मारायचे. आठवड्यापूर्वी पितळेचा तांब्या हाताला आला होता, तो वहिनीला बसला. शुद्धीवर आल्यावर तिचं रक्त पाहून त्यांनीच दादाला सांगितलं होतं की झोपताना मला बांधत जा.

"आम्हाला का नाही सांगितलं, वहिनी?" मी विचारलं.

"काय सांगायचं? सासऱ्यानं मारलं म्हणून?" ती म्हणाली. "त्या कानानं मला ऐकू येत न्हाई आता."

नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन करून आप्पांच्या खांद्यात स्टीलची पट्टी बसवली. तिथल्या डॉक्टरांना मी तांब्याचंही सांगितलं. त्यांनी औषधं बदलली आणि बांधायचं नाही असं बजावलं. बांधलेला माणूस सुटायला बघतो, आणि जास्त जोरात पडतो. तिथूनच मी आप्पांना भिंगारला घेऊन आले. माझं घर तळमजल्यावर आहे. नवऱ्यानं पलंगाचे पाय कापून तो बुटका केला, बाजूला जमिनीवर गादी टाकली, न्हाणीत भिंतीला लोखंडी दांड्या बसवल्या. मी शाळेत असते तेव्हा एक बाई येते. तिला मी पहिल्या दिवशीच सांगितलं, आधी समोर उभं राहायचं, हाक मारायची, आणि मगच हात लावायचा. तरी माझ्या मनगटावर निळे वळ असतात. वर्गातल्या मुली विचारतात, मी दार लागलं म्हणते.

वहिनी पुन्हा आप्पांसमोर आली नाही. दादानंही तिला आग्रह केला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

दोन्ही भावांनी आळीपाळीनं यायचं ठरलं होतं, पण आंघोळीला दोघं लागतात. आप्पा एकट्याला आवरत नाहीत. म्हणून धाकट्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं एकाच वेळी येतात, एकमेकांशी न बोलता. धाकट्याचा समोरचा दात गेला आहे, तो त्यानं बसवून घेतलेला नाही.

परवा आंघोळ घालताना डोळ्यांत साबण गेला आणि आप्पांनी मूठ फिरवली. ती धाकट्याच्या नाकावर बसली. रक्ताची धार लागली. दादानं एका हातानं आप्पांना धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं धाकट्याचं डोकं पुढं वाकवलं.

"मान खाली धर," तो म्हणाला. "वर करू नको, घशात जाईल."

धाकट्यानं मान खाली धरली. रक्त थांबेपर्यंत दोघं तसेच उभे होते, मध्ये स्टुलावर ओलेचिंब आप्पा.

"कुनाला लागलं रे?" आप्पांनी विचारलं.

"कुनाला न्हाई," दादा म्हणाला, आणि बादलीतून तांब्या भरून घेतला.