पाटलांनी वॉलची प्रतवारी केली तो दिवस

वरूडच्या बाजारात कोणीही सांगेल, की देवमन मिस्त्रीनं जानराव पाटलांच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड रागाच्या भरात विहिरीत फेकलं. सांगणारा पाणी किती उडालं तेही सांगतो. सगळं खोटं. हेड म्हणजे दोघांनी उचलायचं धूड, अन् देवमनची कंबर गेल्या दिवाळीपासून धरलेली. त्यानं फेकली ती स्टीलची थाळी, अन् तीही रस्त्यावर. फेकण्याआधी थाळीतले सहाही वॉल, म्हणजे इंजिनातल्या झडपा, एकेक उचलून फडक्यावर ठेवले होते.

राग सकाळचाच होता. महिन्यापूर्वी जानरावांनी जावयाच्या ओळखीनं अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, याच हेडात नवे वॉल टाकून आणले होते. आता ट्रॅक्टर खोकत होता अन् चढावर दम तोडत होता. देवमननं हेड खोललं, तर एक वॉल कडेनं जळून कुरतडलेला. वॉलचा दांडा ज्या नळीत वरखाली होतो ते गाईड झिजून ढिलं झालेलं, अन् वॉल टेकतो त्या सीटला कोणी हात लावला नव्हता.

“पाटील, नवरदेव नवा आणला, बोहलं मोडकंच ठेवलं,” तो म्हणाला, अन् तासभर अकोल्याचा उद्धार करत राहिला.

जानरावांनी ऐकून घेतलं. बागेत तोडलेल्या संत्र्यांचे ढीग झाडांखाली पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला व्यापाऱ्याची गाडी शेडवर लागणार होती, अन् तोवर माल पोचला नाही तर तो दुसऱ्याची बाग उचलून निघून जाणार होता. तोडणीच्या दिवसांत गावात दुसरा ट्रॅक्टर रिकामा मिळत नाही. दिवे लागायच्या आत ट्रॅक्टर देतो, असा देवमनचा शब्द होता.

त्यानं गाईडं बदलली, सीटा कापून सारख्या केल्या अन् नवे वॉल घासायला घेतले. वॉलच्या कडेला पेस्टचा ठिपका द्यायचा, रबरी वाटीची काडी वॉलला चिकटवायची अन् दोन तळहातांत रवीसारखी फिरवायची. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होतो अन् कडेला सारखा राखाडी पट्टा उमटतो. तो वॉल मग त्याच सीटचा. संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून, नंबर घालून, देवमन प्रत्येक वॉल आपापल्या भोकात उभा करत गेला. बारा वाजता सहावा उभा केला अन् जेवायला घरी गेला.

मागं जानराव एकटे. पुठ्ठ्यात चिखलानं माखल्यासारखे सहा वॉल. सारा जन्म संत्री निवडण्यात गेलेला माणूस, त्याचे हात गप बसतात काय? त्यांनी वॉल डिझेलनं स्वच्छ धुतले, डब्याची थाळी घेतली अन् माल लावला. मोठे तीन एकीकडे, बारके तीन एकीकडे. पुठ्ठा भिजला होता, तो फेकून दिला.

देवमन आला अन् थाळीकडे पाहत उभा राहिला. यातला दोन नंबरचा कोणता, एवढंच विचारलं.

“नंबर कायले पायजे?” जानराव कौतुकानं म्हणाले. “मोठा माल इकडं, बारका तिकडं. पाहा, एकबी डागी नाई.”

तेव्हा ती थाळी गेली.

“सकाळपासून मी अकोल्यावर खवळून राहिलो,” देवमन म्हणाला. “आता कोनाचं नाव घेऊ? तुमचं पोरगं शेजाऱ्याच्या ताटात जेवलं तं चालते, पाटील. वॉल नाई चालत.”

जानरावांनी हळूच सुचवलं, की तसेच बसवले तर चालता चालता बसतील जागेवर. अकोलेवाल्यानं हेच केलं, देवमन म्हणाला, अन् पुन्हा घासायला बसला. घासून झालेल्या सहाही सीटांवर पुन्हा पेस्ट, पुन्हा काडी. दातओठ खात तो फिरवत होता, पण वॉल उचलून ठेवताना हात असा, की जणू तान्हं मूल निजवतोय.

शेजारच्या आमच्या फुलांच्या दुकानातून मी कान लावून होते. चौथ्याची खरखर पुरती गेली नाही, अशी माझी खात्री. अडीच वाजता त्यानं स्प्रिंगा चढवून हेड आडवं ठेवलं अन् वॉल गळतात का ते पाहायला वरच्या तोंडांतून पेट्रोल ओतायला घेतलं. त्याच्या मते डिझेल जाड, ते पोटात ठेवते. पेट्रोल लगेच चुगली करते. मी पैज लावली, की चौथा पाझरणार. नाही पाझरला तर आठ दिवस गॅरेज मी झाडीन. देवमननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं जानरावांना हेडासमोर बसवलं, त्यांच्या कानावरची बिडी काढून आपल्या खिशात घातली अन् पाहत राहायला सांगितलं.

वीस मिनिटांनी जानरावांनी चौथ्याच्या कडेवरून बोट फिरवलं अन् हुंगलं.

“कोरडं हाय,” ते म्हणाले.

“मंग बसले काहून? उचला तिकडून.”

ट्रॅक्टर उजेडातच बागेकडे गेला. देवमननं हात पुसले अन् मला म्हटलं, “सकाळी सातले ये. अन् झाडताना पुठ्ठ्यांले हात लावशीन तं याद राख.”