काजू, दहा किलोच्या आत

सकाळी सव्वाआठला भाईंदरच्या इंद्रलोकमधून टॅक्सी निघाली, तेव्हा कागदपत्रांची फाइल माझ्या मांडीवर होती आणि काजू शेजारी, जाळीच्या पिशवीत. काजू हा आमचा अकरा वर्षांचा पांढरा कुत्रा. खरं तर माझ्या सासऱ्यांचा, अप्पांचा. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अप्पा नागपूरला माझ्या नणंदेकडे, मीनाकडे गेले, त्याला दोन महिने झाले. ऑपरेशन उत्तम झालं, पण अप्पा पलंग सोडेनात. "वहिनी, आता चालले नाहीत तर गुडघा असाच आखडून बसेल म्हणाले डॉक्टर," मीना फोनवर म्हणाली. "कुणाचंच ऐकत नाहीत." भाईंदरला अप्पा फक्त काजूचंच ऐकायचे. म्हणून त्याला न्यायचं ठरलं. त्याचं हृदय जरा कमकुवत. सामानाच्या कप्प्यातून न्यायला आमच्या पशुवैद्यांनी साफ मनाई केली होती. केबिनमधून नेता आलं तरच जायचं.

तयारी चोख होती. लसींचं पुस्तक, प्रवासाचा दाखला, विमान कंपनीचा फॉर्म, सगळ्याच्या तीन प्रती. पिशवीची सवय व्हावी म्हणून महिनाभर काजूचं जेवणसुद्धा पिशवीतच. पिशवीसकट दहा किलोची मर्यादा होती. आदल्या दिवशी वजन केलं, नऊ किलो तीनशे.

"मॅडम, ये काटेगा तो नहीं?" दहिसरला ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"सिग्नल तोडा तो काटेगा."

विमानतळापर्यंत त्याने गाडी फार छान चालवली.

काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिले, काजूला जाळीतून बोट लावलं आणि पिशवी काट्यावर ठेवली. दहा किलो सहाशे.

"काटा बिघडलाय का?" मी विचारलं.

"नाही मॅम, हा रोज तपासतात. तुम्ही कुठे केलं होतं वजन?"

मी नवऱ्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे," मी म्हणाले. "त्याचा काटा मोठा आहे म्हणून."

"अगं, रद्दीवाला आपल्याकडून माल घेतो! त्याचा काटा कधी जास्त दाखवेल का?"

वीस वर्षं मी त्या माणसाशी त्याच काट्यावरून भांडत आले आहे. पण कुत्रा म्हणजे रद्दी नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.

विमानाला सव्वा तास होता. मी तिथेच जमिनीवर बसून पिशवी उघडली. पाण्याची बाटली काढली. स्टीलची वाटी काढली. तळाची प्लायची फळी काढली, ती काखेत मारली. गोधडी काढून खांद्यावर घेतली. दहा किलो साठ.

"मॅम, फक्त साठ ग्रॅम," मुलगी माझ्यापेक्षा हळहळली. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "ताई, केस कापा त्याचे."

काजूच्या गळ्यात अप्पांनी हौसेने घातलेला पितळी घुंगरांचा जाड चामडी पट्टा होता. तो सोडला आणि खिशात टाकला. नऊ किलो नऊशे ऐंशी. काकांनी टाळ्या वाजवल्या. पिशवीला बिल्ला लागल्यावर गोधडी परत आत गेली की नाही, हे मी इथे लिहीत नाही.

सुरक्षा तपासणीत काजूला कडेवर घेऊन चौकटीतून जावं लागतं आणि पिशवी यंत्रातून एकटी जाते. विमानात पिशवी पुढच्या सीटखाली बसते. विमान उठताना काजूने एकदाच कुंई केलं. मी जाळीला तळहात लावून ठेवला. बाकी प्रवासभर तो झोपला.

नागपूरचा रिक्षावाला पिशवीत डोकावून म्हणाला, "ह्या कुत्र्यानं विमान पाहिलं बाप्पा! आमी नाई पाहिलं अजून."

मीनाने सांबारवडी (सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर) तळून ठेवली होती, पण आधी काजू. अप्पांनी त्याला पलंगावर ओढून घेतलं, पाठ चाचपली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"केवढा वाळलाय! खायला घालत नव्हतीस का गं, वर्षा?"

मी वडी तोंडात घातली.

पाच वाजता काजू उठून दाराशी गेला आणि वळून एकदा भुंकला. त्याची भाईंदरची फिरायची वेळ. मी खिशातला पट्टा त्याच्या गळ्यात परत घातला आणि मीना साखळी घेऊन उठली. "चल रे, मी नेते." काजू खाली बसला. तिने ओढलं, तर आडवाच झाला.

"तुझ्याबरोबर नाही यायचा तो," अप्पा म्हणाले. "त्याची सवय वेगळी आहे." मग जरा वेळाने, "तो वॉकर कुठे टाकलात?"

वॉकर अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होता. मीनाने ते सुरीने फाडलं. फाटकापर्यंत जाऊन यायला अप्पांना पंचवीस मिनिटं लागली. घाम पुसत ते काजूलाच दटावत होते, "हळू, गाढवा. पळतोस कुठे?" दुसऱ्या दिवशी दोघं कोपऱ्यावरच्या संत्रेवाल्यापर्यंत पोचले.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच परतले. दोन महिने आम्ही सगळ्यांनी अप्पांना चालण्याचे फायदे सांगितले होते. काजूने काहीच सांगितलं नाही. त्याला फक्त बाहेर जायचं होतं, तेही त्यांच्याबरोबर. हे मला आधी सुचायला हवं होतं.

भाईंदरला सोसायटीच्या फाटकात वॉचमनने रिकामी पिशवी पाहिली. "काजू को छोड़ आयीं, मॅडम? और बाबूजी?"

"दिवाली में आएँगे दोनों."

"सोसायटी की व्हीलचेअर निकाल के रखूँ?"

"नहीं," मी म्हणाले. "चलके आएँगे."