आपल्याच घराचे राखणदार

माझ्या बायकोच्या मामांइतक्या चोखपणे मेलेला जिवंत माणूस उभ्या सोलापुरात दुसरा झाला नसेल. शुक्रवार पेठेतलं घर त्यांनी जन्मभर खपून स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. दाराची मूठ म्हणजे सागवानी हात; आत शिरायचं तर आधी तो हातात घ्यायचा. तुळयांवर कोरलेले चेहरे, आणि मेले सगळे आपल्याकडंच बघणारे! बाहेर ऊन भाजत असताना आत माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. पण एवढं बघायला यायचं कोण? चिटपाखरू नाही. “जित्या माणसाला कोण इचारतंय, जावईबापू?” मामा म्हणायचे. शेवटी बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यांनी स्वतःच्याच फोटोला चंदनाचा हार घातला, दारावर ‘लिंगैक्य कलावंताचे संग्रहालय’ अशी पाटी ठोकली, म्हणजे सरळ कैलासवासीच झाले, आणि तिथले राखणदार म्हणून उभे राहिले.

आणि माणसं लोटली की हो! अक्कलकोटला दर्शनाला निघालेले वाट वाकडी करून यायचे. मामा आवाज खाली आणून सांगायचे, “हितं बसायचे ते. अजून तिन्हीसांजेला खुर्ची करकरती.” लोक थिजायचे. गंमत वाटायची मला. पण पुढं पुढं मामा स्वतःच त्या खुर्चीत बसेनात. बसा म्हटलं की दचकायचे, “नको, त्यांची हाय.” मामी कावायच्या, “अय्यो, मग मी कुंकू कुणाच्या नावानं लावू?”

“राखणदाराच्या.”

एकदा विणकरांच्या घरातली एक म्हातारी आली. जिन्याच्या कठड्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. डोळे भरले तिचे. म्हणाली, “किती दमला असंल हो हा माणूस. असता तर पाया पडले असते.”

मामांनी उभा जन्म ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन उभं होतं. मी मामांना कोपरानं ढोसलं, “सांगा की आता!” स्वयंपाकघराच्या दारात मामी श्वास रोखून उभ्या. मामांचे ओठ हलले, हात छातीपर्यंत आला, आणि तिथंच राहिला.

“गेले की ते, बाई. लई उशीर झाला.”

म्हातारी हळहळत निघून गेली. मामींनी डोळ्यांना पदर लावला. मी भडकलोच, “मामा, निदान आज तरी बोलायचं होतं!”

मामा त्या कठड्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “बाई खरं बोलली, जावईबापू. लई दमले होते ते.”